विंचू उतरला होता

कंधारचा किल्ला पाहावयास कोणी पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांस पाण्याचा खंदक, दरवाजे व तट दाखवितों, राष्ट्रकूट राजांच्या काळापासूनचा या गांवाचा इतिहास थोड्या अभिमानानें सांगतों, आणि निघतांना एक सूचना न चुकतां देतों : "दगडांच्या सांधींत हात घालूं नका." पाहुणे हंसतात. शहरांत राहाणारांस विंचू हा म्हणींत आणि भारुडांतच भेटणारा प्राणी झाला आहे. पैठणच्या नाथमहाराजांनीं विंचवावर भारुड रचलें, तेव्हां समोर बसलेल्या श्रोत्यांपैकीं बहुतेकांस त्या नांगीची आठवण ताजी असली पाहिजे. आपण आतां तें ऐकून नुसती मान डोलावितों. मन्याडकांठच्या आमच्या गांवीं अजून तसें झालेलें नाहीं.

आमच्या बाजूचीं जुनीं घरें दगडमातीचीं. दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, वर माळवद, आंत कोनाडे, देवळ्या व बळदें, मागील दारीं कडबा, सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग. वैशाखांतल्या दुपारीं अशा घरासारखा गारवा दुसरीकडे कोठें मिळावयाचा नाहीं. (१९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीकडे याच जातीच्या भिंतींनीं हजारो झोंपलेलीं माणसें गाडलीं, तेव्हांपासून आम्ही त्या गारव्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों, ही गोष्ट वेगळी.) हा गारवा विंचवासहि आवडतो. दिवसा तो भिंतीच्या भेगेंत दडून असतो, रात्रीं भक्ष्यासाठीं निघतो, आणि मृगाचे पहिले सडाके येऊन बिळांत पाणी शिरलें कीं तो आपल्या अंथरुणापर्यंत येऊन पोंचतो.

अशाच एका मृगांतली ही हकीगत आहे. १९७० नंतरचीं तीं पहिलीं वर्षें. आम्ही तेव्हां सात-आठ वर्षांचे असूं. धाकट्या आत्या आपल्या पांच वर्षांच्या मुलास घेऊन माहेरपणास आल्या होत्या. रात्रीं जेवणें आटोपून आम्ही सारीं मुलें ओसरीवर ओळीनें निजलों होतों. मध्यरात्रीच्या सुमारास तें पोर किंकाळी फोडून उठलें. कंदील मोठा केला, सतरंजी झटकली, तेव्हां तींतून बोटाच्या पेरापेक्षां थोडा मोठा असा एक तांबूस विंचू निघाला. काकांनीं तो चपलेनें ठेंचला. इतका लहानसा विंचू पाहून मोठ्या माणसांच्या जिवांत जीव आला, हें आम्हांस स्पष्ट आठवतें. "इंगळी नाहीं, लहानच आहे," असें कोणीतरी म्हणालें.

गल्लींतच विंचू उतरविणारे एक वृद्ध गृहस्थ राहात. त्यांस बोलावणें गेलें व ते तसेच अनवाणी आले. त्यांच्याविषयीं आम्ही येथें एकहि वावगा शब्द लिहिणार नाहीं. अर्ध्या रात्रीं कोणीहि हांक मारावी, त्यांनीं कधीं नाहीं म्हटलें नाहीं, आणि या कामाचा कोणाकडून कधीं एक पैसा घेतला नाहीं. त्यांनीं कडुलिंबाचा डहाळा घेतला, मुलाच्या मांडीपासून पावलाकडे तो हळूहळू उतरवीत नेला, ओठांतल्या ओठांत कांहीं म्हटलें. हात स्थिर, चेहरा शांत. घरांतल्या दहा-बारा घाबरलेल्या माणसांत तेवढा एकच मनुष्य असा होता, कीं ज्याला आपण काय करीत आहों हें ठाऊक होतें. तासाभरांत मुलाचें रडणें थांबलें. कळ घोट्याच्या खालीं आली, मग अंगठ्यांत राहिली. "उतरला," असें ते म्हणाले, आणि आजीनें चहाचें आधण ठेविलें.

मूल घामानें भिजलें होतें. त्याला दोन वेळां ओकारी झाली. ती पाहून "विष पडतंय" म्हणून सर्वांस बरेंच वाटलें. आत्या मात्र मुलाचीं पावलें मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आई, याचे पाय बघ. असे गार कधीं लागत नाहींत गं याचे पाय." आजी मायेनेंच म्हणाली, "गार पडतंय म्हणजे आग उतरतेय, बाई. भरल्या घरांत असं कांहीं बोलूं नये." आत्या गप्प बसल्या. पहाटे मुलाला धाप लागली. छातींत खळखळ होऊं लागली, ओठांवर तांबूस फेंस आला, आणि पहिल्या एस्. टी. ची वाट पाहाण्याइतका वेळहि त्यानें दिला नाहीं.

त्यानंतर कित्येक दिवस आजी एकच प्रश्न घरांतल्या प्रत्येकाला विचारीत असे : "विंचू तर उतरला होता. मग पोर कां गेलं?" कोणापाशींहि उत्तर नव्हतें. पुढें तिनें विचारणें सोडून दिलें.

हा प्रश्न आम्हीं येथें इतक्या वर्षांनीं उकरून काढला, त्यास कारण आहे. दीर्घ अभ्यास व चिकाटी यांच्या जोरावर मनुष्य आणीबाणीच्या क्षणीं कसा उपयोगी पडतो, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललें जातें व शाळेंत मुलांकडून निबंधहि लिहवून घेतले जातात. त्यांत सांगितलेला प्रत्येक गुण त्या वृद्ध गृहस्थांच्या अंगीं होता. चाळीस वर्षांचा सराव, निर्लोभ वृत्ति, संकटांत न डळमळणारें चित्त, झोंपेतून उठून धांवण्याची तयारी. आणि त्या रात्रीं ते चुकले. तेव्हां नुसत्या सरावाची थोरवी गाऊन भागत नाहीं. चाळीस वर्षांत मनुष्य काय शिकला, हें विचारावेंच लागतें.

त्यांना चाळीस वर्षांनीं काय शिकविलें असेल? आपल्याकडे विंचू मुख्यतः दोन तऱ्हेचे दिसतात. मोठा काळा विंचू, ज्याला आपण इंगळी म्हणतों, तो दिसावयास भयंकर व त्याची कळहि भयंकर. पण त्यानें मनुष्य सहसा दगावत नाहीं. लहान तांबडा विंचू दिसतो किरकोळ, आणि जीव घेतो तो हाच. त्याचाहि प्रत्येक दंश जीवघेणा नसतो. पुष्कळदां विष थोडें जातें, कळ येते व सकाळपर्यंत जाते. म्हणजे ज्या शंभर लोकांवरून कडुलिंबाचा डहाळा फिरला, त्यांतले बहुतेक डहाळ्याविनाहि बरे झाले असते. ते बरे झालेले शंभर लोक रोज बाजारांत भेटत, वांकून नमस्कार करीत. जे थोडे गेले, त्यांच्याविषयीं "वेळच भरली होती," "बोलावणें उशिरां आलें," असें म्हणून सारेच गप्प होत. यशाची नोंद साऱ्या गांवाच्या जिभेवर, अपयशाची नोंद कोठेंच नाहीं. अशा हिशेबांत दर वर्षीं चूक अधिकच पक्की होत जाते, आणि तिला लोक अनुभव म्हणूं लागतात.

हा दोष एकट्या मंत्रतंत्राचा होता असें समजूं नये. त्या काळीं दवाखान्यांतहि विंचूदंशावर ठराविक औषधें दिलीं जात : ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीवरचीं औषधें, गुंगीचीं मिश्रणें. देणारे डॉक्टर शिकलेले, त्यांचाहि सराव वर्षानुवर्षांचा. १९६१ सालीं मुंडले यांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरून येणाऱ्या मृत्यूंविषयीं लिहिलें होतें. म्हणजे रोगी कशानें जातो हें माहीत झालें होतें. परंतु तो वांचावा कसा हें माहीत नव्हतें. १९६१ पासून १९८३ पर्यंतच्या काळांत लाल विंचवाच्या विषबाधेनें गंभीर झालेल्या शंभर रुग्णांमागें पंचवीस ते तीस दगावत. त्या मिश्रणांतलीं कांहीं औषधें हृदयावरचा ताण उलट वाढवीत, हें पुढें कळलें.

आजीच्या प्रश्नाचें उत्तर ज्यानें शोधून काढलें, तो योगायोगानें आमच्या मराठवाड्याचाच मुलगा निघाला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ सालीं जालना जिल्ह्यांतील देहेड या खेड्यांत, गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. मिळेल तें काम करून ते शिकले, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झाले, आणि १९७६ सालीं महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमले गेले. हा भाग तेव्हां कुलाबा जिल्ह्यांत मोडे. पुढें त्यास रायगड हें नांव मिळालें. कोंकणच्या त्या पट्ट्यांत लाल विंचू अतोनात. भाताचे पेंढे, जांभ्याचे दगड, सरपण, कौलांखालची अडगळ, जेथें तेथें तो. शेतकरी, मजूर, मुलें दंश होऊन येत. त्यांतलीं कांहीं सकाळीं हंसत घरीं जात, कांहीं डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत मरत. पुस्तकांत याविषयीं कामास येईल असें फारसें कांहीं नव्हतें.

या तरुण डॉक्टरानें जें केलें तें सांगावयास अगदीं सोपें आहे. तो रोग्याच्या उशाशीं बसून राहिला. औषध लिहून परिचारिकेस सांगून घरीं जाण्याची सोय असतां गेला नाहीं. नाडी पाहावी, रक्तदाब पाहावा, श्वास मोजावा, हातपाय गरम आहेत कीं गार तें हातानें पाहावें, घाम किती येतो तें पाहावें, आणि हें सर्व वेळ घालून लिहून ठेवावें. थोड्या वेळानें पुन्हां तेंच. एका रोग्यापाशीं एक रात्र अशी बसणें कोणालाहि जमेल. दिवसभर बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, शवविच्छेदन, सरकारी तक्ते, हें आरोग्य केंद्राचें नेहमीचें ओझें उपसून पुन्हां प्रत्येक विंचूरात्र अशी जागविणें आणि तें वर्षानुवर्षें चालविणें याला काय लागत असेल, हें ज्यानें घरांतल्या आजाऱ्याची चार रात्री शुश्रूषा केली असेल त्यानेंच अजमावावें.

या नोंदी सांचत गेल्या, तेव्हां त्यांतून एक विलक्षण गोष्ट दिसूं लागली. कळेनें आक्रोश करणारे, पण हातपाय गरम असलेले रोगी बहुधा सुखरूप राहात. ज्यांची कळ थोडी, पण जे घामानें चिंब होत, ज्यांना ओकाऱ्या होत व ज्यांचे हातपाय बर्फासारखे गार पडत, तेच पुढें कांहीं तासांनीं धापा टाकूं लागत. मुलांत व पुरुषांत आणखी एक खूण दिसे : जननेंद्रियास आपोआप येणारा ताठरपणा. या मासिकाच्या पृष्ठांवर असला उल्लेख कोणास खटकेल. परंतु घरांतल्या बायामाणसें लाजेनें ही गोष्ट डॉक्टरांस सांगत नाहींत आणि ती तर धोक्याची पहिली घंटा असते, म्हणून येथें स्पष्ट लिहिलें आहे. संकट दारांत येण्यापूर्वींच तें ओळखविणाऱ्या या लक्षणांवरील डॉ. बावस्करांचा लेख १९८२ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला.

हातपाय गार कां पडतात, याचा उलगडा असा. विंचवाचें विष मज्जातंतूंचीं सूक्ष्म दारें मिटूं देत नाहीं. त्यामुळें, वाघ समोर दिसला असतां शरीरांत जीं उत्तेजक द्रव्यें क्षणभर सुटतात, त्यांचा अखंड लोंढा सुरू होतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून कातडी गार. दाबलेल्या रबरी नळींत चढावा तसा रक्ताचा दाब चढतो. त्या दाबाविरुद्ध झुंजतां झुंजतां हृदय थकतें, आणि मग फुप्फुसांत पाणी भरतें. आमच्या ओसरीवर त्या रात्रीं हेंच सर्व क्रमाक्रमानें चाललें होतें. कळ अंगठ्यांत उतरली, तेव्हां विष आपलें खरें काम करूं लागलें होतें; आणि आम्ही चहा पीत होतों.

पुण्यास जाऊन एम्. डी. ची पदवी घेतल्यावर डॉ. बावस्करांना मोठ्या शहरांत राहातां आलें असतें. ते महाडकडे परत आले. १९८३ च्या सुमारास त्यांच्यापुढें एक लहान मुलगा आला. फुप्फुसें भरलेलीं, नेहमींचे सर्व उपाय थकलेले. यापूर्वीं अशा अवस्थेंतलीं मुलें त्यांनीं डोळ्यांसमोर जातांना पाहिलीं होतीं. या वेळीं त्यांनीं सोडियम नायट्रोप्रुसाइड हें औषध शिरेंतून देण्याचें ठरविलें. हें औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम मोकळ्या करतें. मोठ्या रुग्णालयांत फार चढलेल्या रक्तदाबावर तें वापरीत. थेंबांची गति किंचित् अधिक झाली तर दाब धाडकन् उतरून रोगी हातचा जावयाचा. थेंबाथेंबावर नजर ठेवून तें दिलें गेलें, आणि मूल वांचलें.

बाहेरून पाहाणारास हा क्षण म्हणजे धाडस, किंवा प्रसंगावधान, किंवा ईश्वरी प्रेरणा वाटेल. आम्हांस त्यामागें ती नोंदींची चळत दिसते. रक्तवाहिन्या आवळल्या आहेत व हृदय त्याखालीं चिरडत आहे, हें त्या डॉक्टरास त्या रात्रीं सुचलें नाहीं. सात वर्षें रोग्यांचीं गार पावलें हातांत धरून तें त्याला ठाऊक झालें होतें. रोग ठाऊक झाल्यावर औषधाची दिशा ठरलेलीच होती. उरला तो प्रश्न धैर्याचा. आणि रक्तदाब घटकेघटकेला मोजण्याची ज्याच्या हाताला संवय झाली आहे, त्याचें धैर्य इतरांच्या धैर्याहून निराळें असतें.

परंतु असलें औषध खेड्यापाड्यांत देणार कोण? म्हणून तोच परिणाम तोंडावाटे घेतलेल्या गोळीनें साधेल काय, हा विचार पुढें आला. प्राझोसिन नांवाची रक्तदाबावरची स्वस्त गोळी तेव्हां बाजारांत होतीच. १९८४ पासून डॉ. बावस्करांनीं ती विंचूदंशावर वापरण्यास आरंभ केला. गोळी दिल्यावर हातपाय हळूहळू गरम होत, घाम थांबे, धाप बसे. १९८६ सालीं त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं मिळून ही हकीगत 'लॅन्सेट'मध्यें मांडली. शंभरांत पंचवीस-तीस असलेले मृत्यू या उपचारानें शंभरांत एकाच्याहि खालीं आले. पुढें २०११ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें त्यांनीं सत्तर रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत प्राझोसिनच्या जोडीला विंचवावरील प्रतिविष दिलें असतां रोगी आणखी लवकर सुधारतो असें दिसलें. म्हणजे ज्या गोळीनें आपलें नांव झालें, तिच्याहून चांगलें कांहीं आहे काय, हेंहि त्यांनीं स्वतःच तपासून पाहिलें. भारत सरकारनें २०२२ सालीं त्यांस पद्मश्री दिली. आमच्या मतें त्यांचें सर्वांत अवघड काम गोळी शोधण्याचें नव्हे. सर्व वडीलधारे डॉक्टर जें देत आले, जें आपणहि दिलें, तें चुकीचें होतें असें आपल्याच नोंदींवरून कबूल करणें, हें अधिक अवघड.

संथा घेतलेल्या आमच्या वाचकांस हें निराळ्या शब्दांत सांगावयास नको. एकच ऋचा दहा वेळां म्हटली कीं संथा झाली असें होत नाहीं. समोर गुरुजी पाहिजेत, त्यांनीं चुकलेला स्वर ऐकला पाहिजे, आणि शिष्यास तेथूनच मागें फिरविलें पाहिजे. गुरुजींस डुलकी लागली तर विद्यार्थी तीच चूक घोकून पाठ करतो व जन्मभर खणखणीत आवाजांत म्हणतो! बावस्करांच्या बिरवाडींत गुरुजी नव्हते. रोग्याच्या उशाशीं ठेविलेल्या नोंदींसच त्यांनीं गुरुजी केलें.

विमानांच्या जगांत हेंच काम एक सबंध संस्थाच करते. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्क शहरावर एका प्रवासी विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरून तीं बंद पडलीं. सुमारें साडेतीन मिनिटांत कप्तान सलनबर्गर यांनीं तें विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरविलें, व आंतील सर्व १५५ माणसें वांचलीं. त्यांनीं उड्डाणांत घालविलेल्या तासांची, एकोणीस हजारांहून अधिक अशी, संख्या सर्व वर्तमानपत्रांनीं छापली. तासांच्या या संख्येनें आम्ही फारसे दिपलों नाहीं. आमच्या गल्लींतल्या त्या वृद्धांच्या रात्री मोजल्या असत्या तर त्याहि हजारांत भरल्या असत्या. आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट : त्या व्यवसायांत प्रत्येक अपघाताची चौकशी होते, काय चुकलें तें छापलें जातें, आणि तें वैमानिकांस वाचावयास मिळतें. स्वतः सलनबर्गर यांनींहि अपघातांच्या चौकशींत भाग घेतलेला होता. मेलेल्यांचे हिशेब ज्यानें वाचले आहेत, त्याचे एकोणीस हजार तास निराळे.

आतां कंधारकडे परत येऊं. आज घरोघर दुचाकी आहे, फोन आहे, गांवीं ग्रामीण रुग्णालय आहे, व नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथें वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तरीसुद्धां विंचू चावला असतां पहिला तास-दीड तास पुष्कळ घरांत पूर्वींसारखाच जातो : कोणी कांदा चोळतो, कोणी दोरी बांधतो, कोणी "कळ थांबली, आतां कशाला जायचें" म्हणतो. मंत्र म्हणणारास घालवून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या घरीं श्रद्धा असेल त्यांनीं त्यांस गाडींत शेजारीं बसवावें. मंत्र गाडींत बसूनहि म्हणतां येतो. पण गाडी निघाली पाहिजे, आणि लहान मुलाच्या बाबतींत तर लगेच. दोरी आवळूं नये, जखम कापूं नये. मुलास निजवून न्यावें, उठवून चालवूं नये. आणि वर जी गोळी सांगितली ती कोणींहि घरच्या घरीं देऊं नये. ती रक्तदाब उतरविणारी आहे, कोणाला किती व केव्हां द्यावयाची हें डॉक्टरांचें काम, आणि ती दिल्यावरहि मुलास कांहीं तास आडवेंच ठेवावें लागतें. घरच्यांनीं करावयाचें तें एवढेंच, कीं दंश किती वाजतां झाला तें लिहून घ्यावें, ओकारी केव्हां झाली तें लिहावें, आणि हातपाय पाहात राहावें.

यांतलें लिहिण्याचें काम प्रथम कोणी मनावर घेत नाहीं. आमच्या घरीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या खिळ्याला दोऱ्यानें एक पेन्सिल बांधली आहे. ताप, दंश, पडणें, औषधाची वेळ, जें होईल तें त्या तारखेच्या चौकोनांत लिहावयाचें, असा सुनांनीं नियम केला आहे. पहिलीं दोन वर्षें त्या पेन्सिलीची घरांत थट्टा होत असे, आणि थट्टा करणारांत आम्हीहि होतों. मागच्या वर्षीं डॉक्टरांनीं "ताप कधींपासून?" असें विचारलें, तेव्हां आम्ही "असतील चार-सहा दिवस" म्हणालों, आणि धाकट्या सूनबाईंनीं तारीख व तास सांगितला. त्या दिवसापासून आम्ही गप्प आहों.

आत्या आतां ऐंशीच्या घरांत आहेत. या उन्हाळ्यांत त्या आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. हा लेख लिहिण्यासाठीं जमविलेली माहिती आम्ही एके रात्रीं त्यांस वाचून दाखविली. दाखवावी कीं नाहीं याचा पुष्कळ दिवस विचार केला होता, शेवटीं त्यांनींच "काय लिहितोस रे एवढं?" म्हणून विचारलें. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "पाय गार पडतात, हें त्या डॉक्टरांनीं लिहिलंय?"

"होय, आत्या. तीच मुख्य खूण आहे."

"कोणत्या सालीं लिहिलं?"

"एकोणीसशें ब्याऐंशी."

त्यांनीं बोटांवर वर्षें मोजलीं. मग कांहीं न बोलतां उठल्या, दिवा बारीक करावयास सांगितला, आणि ओसरीवर ओळीनें निजलेल्या नातवंडांच्या पायथ्याशीं वांकत वांकत गेल्या. प्रत्येकाच्या पावलांना हात लावला व गोधडी सारखी केली.